चुकीची किंमत कोण मोजतो?



भाषेच्या एका शिक्षकाच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानात भाषा शिकण्याविषयीच बोलावं, असं मला वाटलं. प्रश्न जुनाच आहे. एकाच बाकावर बसणाऱ्या, एकाच शिक्षकाकडे शिकणाऱ्या दोन मुलांपैकी एकाला नवी भाषा येते आणि दुसऱ्याला येत नाही, असं का? पालकसभेत याची दोन उत्तरं हमखास कानांवर पडतात. "आमचा जरा बुजरा आहे हो, म्हणून बोलत नाही." किंवा, "ती बघा कशी धीट आहे, चारचौघांत फाडफाड इंग्रजी बोलते." दोन्ही उत्तरांत कारण मुलाच्या स्वभावात शोधलेलं असतं. आणि स्वभावाला औषध नाही, हे तर आपण पिढ्यान्‌पिढ्या ठरवूनच टाकलेलं आहे. म्हणजे प्रश्न मिटला, जबाबदारीही मिटली.

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. स्वभावाचा वाटा आहे, पण आपण समजतो तेवढा नाही. भाषा शिकणाऱ्याचं पुष्कळसं भवितव्य चुकीची त्याला किती किंमत मोजावी लागते यावर ठरतं. ही किंमत बोलणारा ठरवत नाही, ऐकणारा ठरवतो.

आधी स्वभावाकडे पाहू. बोलक्या माणसाला भाषा लवकर येते, हा समज इतका स्वाभाविक वाटतो की तो तपासून पाहावा असं कुणाला सुचू नये. पण तो तपासला गेला आहे. 1978 मध्ये टोरंटोच्या संशोधकांनी 'उत्तम भाषा शिकणारा' कसा असतो यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्गात पुन्हा पुन्हा हात वर करणारी, बहिर्मुख मुलं परीक्षेतही पुढे असतील, ही त्यांची अपेक्षा होती. बहिर्मुखता मोजणारी प्रश्नावली आणि भाषेचे गुण यांत त्यांना तसा संबंध सापडला नाही. या निकालानंतर अभ्यासकांचा या विषयातला रस बराच काळ आटला. 1999 मध्ये जाँ-मार्क देवाल आणि एड्रियन फर्नहॅम यांनी सगळी जुनी संशोधनं पुन्हा चाळली तेव्हा त्यांना एक साधी गोष्ट दिसली. बहुतेकांनी मोजलं होतं ते लेखी परीक्षेतलं यश. तोंडी बोलणं जिथे मोजलं होतं तिथे चित्र निराळं होतं. बहिर्मुख माणसं अधिक ओघवतं बोलत होती, आणि प्रसंग जितका औपचारिक, जितका ताणाचा, तितका हा फरक वाढत होता. लेखी व्याकरणात मात्र अंतर्मुख मुलं कुठे मागे नव्हती.

याचं जे कारण ते सुचवतात ते माझ्या आजच्या विषयाच्या मुळाशी जातं. बोलताना आपण एकाच वेळी बऱ्याच गोष्टी डोक्यात धरून ठेवतो: काय सांगायचं, कोणता शब्द, त्याचं लिंग, क्रियापदाचं रूप, समोरच्याचा चेहरा. या थोड्या वेळापुरत्या साठ्याला मानसशास्त्रज्ञ वर्किंग मेमरी म्हणतात. ती एखाद्या लहानशा पाटीसारखी असते. एका गोष्टीने जागा अडवली की दुसरी पुसली जाते. मातृभाषेत यातली बहुतेक कामं आपोआप होतात, म्हणून पाटी मोकळी राहते. परक्या भाषेत प्रत्येक काम त्याच पाटीवर करावं लागतं. अशा वेळी 'हे लोक काय म्हणतील' हा विचार आला की तोही तिथेच जागा मागतो. अंतर्मुख माणसाची पाटी ताणाखाली लवकर भरते, एवढाच त्या निष्कर्षाचा अर्थ. त्याची शिकण्याची ताकद कमी आहे, असा मुळीच नाही.

आपल्याकडचं एक उदाहरण घेऊ. विनोबा भावे यांच्याइतका एकांतप्रिय माणूस सार्वजनिक जीवनात विरळा. 1942 च्या आंदोलनात ते वेल्लोरच्या तुरुंगात होते, आणि तिथे त्यांनी तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या दक्षिणेच्या चारही भाषा हाती घेतल्या. 'भाषा शिकायची तर बोलघेवडा स्वभाव हवा' या नियमात विनोबा बसत नाहीत. पण त्यांची परिस्थिती पाहा. हातात वेळ होता, ग्रंथ होते, त्या भाषा बोलणारे सहकैदी होते, आणि परीक्षा घेणारं कुणी नव्हतं. अंतर्मुख माणसाला जे लागतं ते सगळं तुरुंगात मिळालं. आपल्या किती शाळांत ते मिळतं?

आता चिंतेकडे येऊ. 'बुजरा' आणि 'घाबरलेला' हे दोघं आपण एकच समजतो. 1986 साली टेक्सास विद्यापीठातल्या इलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक महत्त्वाचा निबंध लिहिला. परकी भाषा शिकताना घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांशी बोलताना त्यांच्या लक्षात आलं होतं की यांतले बरेचसे इतर विषयांत चांगले असतात आणि मित्रांत बोलकेही असतात. भाषेच्या तासाला मात्र त्यांना घाम फुटतो, पाठ केलेलं आठवेनासं होतं, पाळी येण्याआधी छाती धडधडते. ही भीती स्वभावातली सर्वसाधारण चिंता नाही, ती त्या वर्गात तयार होते, असं त्यांनी मांडलं, आणि ती मोजण्यासाठी 33 विधानांची एक प्रश्नावली केली. ती आजही जगभर वापरली जाते. या भीतीचे तीन धागे त्यांनी सांगितले: दुसऱ्यांसमोर बोलण्याचा संकोच, परीक्षेची धास्ती आणि लोक आपल्याला कमी लेखतील ही भीती.

गणितात चुकलं तर उत्तर चुकतं. भाषेत चुकलं तर माणूसच चुकल्यासारखा दिसतो, कारण आपण आपली हुशारी, विनोद, वय, मान हे सगळं भाषेतूनच दाखवत असतो. चाळीस वर्षांचा, घरदार चालवणारा माणूस परक्या भाषेत तोंड उघडतो आणि चार वर्षांच्या मुलासारखी वाक्यं बाहेर पडतात. भीती त्या भाषेची नसते. त्या भाषेत आपण जे कुणीतरी होऊन बसतो, त्याची असते.

ही भीती नेमकं नुकसान कुठे करते, हे कॅनडातल्या पीटर मॅकिंटायर आणि रॉबर्ट गार्डनर यांनी टप्प्याटप्प्याने पाहिलं. घाबरलेला विद्यार्थी आधी ऐकतानाच अडखळतो, मग ऐकलेलं मनात लावून घेताना अडखळतो, आणि शेवटी बोलताना. आपल्याला दिसतो तो शेवटचा टप्पा. शिक्षक म्हणतात, "येतंय त्याला, पण बोलत नाही." कधी कधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा भीतीने पहिल्याच टप्प्यावर दार लावून घेतलेलं असतं आणि आत फारसं काही पोचलेलंच नसतं.

आता जरा आकड्यांत बोलू, कारण या विषयात अतिशयोक्ती फार होते. 2019 मध्ये यासर तैमूरी आणि सहकाऱ्यांनी 97 संशोधनं आणि जवळजवळ 20,000 शिकणाऱ्यांची माहिती एकत्र करून पाहिली. चिंता आणि भाषेतलं यश यांच्यातला सरासरी सहसंबंध उणे 0.36 निघाला. म्हणजे चिंता जास्त तिथे यश कमी, हा कल पक्का आहे. पण याच आकड्याचा वर्ग केला तर 0.13 येतो, विद्यार्थ्या-विद्यार्थ्यांतल्या फरकाचा साधारण आठवा हिस्सा चिंतेशी जुळतो, बाकीचा इतर गोष्टींशी. भीती काढून टाकली की भाषा आपोआप येईल, असं सांगणाऱ्या जाहिरातींवर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

आणखी एक अडचण आहे. भीतीमुळे भाषा येत नाही, की भाषा येत नाही म्हणून भीती वाटते? अमेरिकेतले रिचर्ड स्पार्क्स आणि लिओनोर गॅन्शो यांनी हा प्रश्न नेटाने लावून धरला. त्यांच्या मते अनेक विद्यार्थ्यांची अडचण मुळात ध्वनी आणि अक्षरं यांची सांगड घालण्यात, म्हणजे पहिल्या भाषेतल्याच काही कच्च्या दुव्यांत असते; भीती मागून येते. हा वाद मिटलेला नाही, आणि माझ्या मते तो पूर्ण मिटणारही नाही, कारण दोन्ही बाजू खऱ्या आहेत. मूल एकदा अडखळतं, वर्ग हसतो, मूल पुढच्या वेळी गप्प बसतं, सराव बुडतो, आणि पुढच्या वेळी ते आणखी अडखळतं. हे चक्र सुरू कुठून झालं हे कळलं नाही तरी ते तोडता कुठे येईल हे दिसतं. मुलाचा स्वभाव आपल्या हातात नाही. वर्गाचं हसणं आहे.

या बाबतीतला एक गमतीदार प्रयोग सांगतो. अलेक्झांडर गिओरा हे मिशिगन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. परक्या भाषेचा उच्चार करताना माणसाचा अहं आडवा येतो, असं त्यांचं मत. 1972 मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना ठरावीक मात्रेत दारू देऊन थाई शब्द उच्चारायला लावले. दीड औंस घेतलेल्यांचे उच्चार सरस ठरले; मात्रा वाढवली तसा फायदा उरला नाही. 2018 मध्ये नेदरलँड्समधला याच धर्तीवरचा आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नुकतीच डच शिकलेल्या जर्मन विद्यार्थ्यांपैकी काहींना थोडी दारू दिली, काहींना पाणी. कुणी काय प्यायलं हे माहीत नसलेल्या डच परीक्षकांना दारू प्यायलेल्यांचं बोलणं, विशेषतः उच्चार, बरं वाटलं. स्वतः बोलणाऱ्यांना मात्र आपण अधिक चांगलं बोललो असं वाटलं नव्हतं. यावरून भाषेच्या तासाला काय वाटावं याबद्दल मी काही सुचवत नाही. पण आपल्यातच बसलेला पहारेकरी जरा पेंगला की जीभ सुटते, एवढं यातून दिसतं. तो पहारेकरी जन्मतः कुणाबरोबर आलेला नसतो. कुणीतरी त्याला तिथे नेमलेलं असतं.

इथे एक आक्षेप मला दिसतो आहे. "छडी लागे छमछम" या संस्कारात वाढलेले श्रोते म्हणतील, आम्ही घाबरतच शिकलो आणि शिकलो. आनंदीबाई जोशी यांचं नावही कुणी घेईल. कल्याणला 1865 मध्ये जन्मलेली ही मुलगी नवव्या वर्षी गोपाळरावांशी लग्न होऊन आली. त्यांनी तिला हट्टाने शिकवलं आणि त्या शिकवण्यात मारही होता. पुढे अमेरिकेतून लिहिताना आनंदीबाईंनी स्वतःच त्याची आठवण नवऱ्याला करून दिली आहे. तरीही 1883 मध्ये, अमेरिकेला निघण्याआधी, कलकत्त्याजवळ श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी इंग्रजीतून जाहीर भाषण केलं, आणि 1886 मध्ये फिलाडेल्फियाला त्या डॉक्टर झाल्या. मग भीतीने यश दिलं का?

या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत. पहिलं अभ्यासकांचं. थोडा ताण माणसाला जागं करतो आणि फार ताण गोठवतो, हा फरक 1960 पासून मानसशास्त्रात मांडला जातो. भाषेच्या संदर्भात तो 1978 मध्ये टॉमस स्कोव्हेल यांनी पुढे आणला. दुसरं उत्तर माझं. मार खाऊन शिकलेल्या एका आनंदीबाईंचं चरित्र आपल्याकडे आहे. मार खाऊन पुस्तक कायमचं मिटलेल्या मुलींची चरित्रं कुणी लिहिली? भीतीच्या बाजूने जेवढे साक्षीदार उभे राहतात ते सगळे तिच्यातून तगलेले असतात. न तगलेले सभेला येत नाहीत.

याच काळातलं आणखी एक घर पाहा. रमाबाई रानडे यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक 1910 मध्ये प्रसिद्ध झालं. 1873 साली अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या आल्या तेव्हा त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. महादेव गोविंद रानड्यांनी त्यांना आधी मराठी आणि मग इंग्रजी शिकवायला घेतलं. वर माडीवर नवरा शिकवत होता आणि खाली घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे वाट पाहत होते. रमाबाईंना धाक होता तो इंग्रजी व्याकरणाचा नव्हे; त्या व्याकरणाचा आवाज खाली ऐकू जाण्याचा होता. पुढे पुण्यात मुलींच्या हायस्कूलची मागणी करण्यासाठी भरलेल्या समारंभात, गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर, त्यांनी इंग्रजीतून निवेदन वाचलं. सभेतल्या परक्या लोकांपुढे वाचणं जमलं. त्याची किंमत घरी परतल्यावर, बायकांच्या बोलण्यातून मोजावी लागली.

आता त्याच घरातला दुसरा विद्यार्थी. सरकारच्या आर्थिक समितीच्या कामासाठी रानडे कलकत्त्याला होते तेव्हा त्यांनी बंगाली शिकायला घेतलं. हजामत करायला आलेल्या न्हाव्याला ते बंगाली पुस्तकातले शब्द आणि उच्चार विचारत बसले, ही आठवण रमाबाईंनीच सांगितली आहे. रानडे हे काही गप्पिष्ट नव्हते. मितभाषी, गंभीर असा त्यांचा लौकिक. पण न्हाव्यासमोर चुकण्याने त्यांचं काय जाणार होतं? मान, पद, विद्या हे सगळं त्यांच्यापाशी होतं. चूक त्यांना फुकट पडत होती. बायकोला तीच चूक, किंबहुना बरोबर आलेलं वाक्यसुद्धा, महाग पडत होतं. नवरा-बायकोच्या स्वभावांची तुलना करून या फरकाचा उलगडा होणार नाही. त्यासाठी ऐकणारे कोण होते हे पाहावं लागतं.

आणि शिकवणारा काय करू शकतो, याचं एक उदाहरण गांधीजींच्या आत्मकथेत आहे. हायस्कुलात संस्कृत जड जाऊ लागलं तेव्हा फारसी सोपी असते असं ऐकून ते फारसीच्या वर्गात जाऊन बसले. संस्कृतच्या शिक्षकांनी, कृष्णशंकर पंड्यांनी, त्यांना बोलावून घेतलं, अडेल तिथे माझ्याकडे ये म्हणाले, आणि लाजरा मोहनदास परत आला. पुढे संस्कृत ग्रंथांत रस घेता आला तो या शिक्षकांमुळे, ही कृतज्ञता त्यांनी नोंदवून ठेवली आहे. शिक्षकांनी अभ्यासक्रम सोपा केला नव्हता. अडलं तर विचारायला जागा करून दिली होती.

श्रोतेहो, आता आपल्या अंगणात येऊ. महाराष्ट्रात 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी आली. त्याआधी ती पाचवीपासून होती. वर्षं वाढली, पण मराठी माध्यमातून दहावी झालेली मुलगी शहरातल्या विज्ञान शाखेच्या अकरावीत जाते तेव्हा पहिल्या महिन्यात शंका विचारायची थांबते, हे दृश्य बदललेलं नाही. तिला शंका नसते असं नाही. ती इंग्रजीतून विचारावी लागेल, ही अडचण असते. यात आणखी एक थर आपण स्वतः घातला आहे. 'आनि', 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला आपण त्याच्या मातृभाषेतच हसलो आहोत. ज्याला आपली भाषाही अशुद्ध आहे असं सातव्या वर्षी सांगितलं गेलं, तो परकी भाषा बोलायचं धाडस कुठून आणणार?

उलट दिशेनेही पाहा. 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं झालं. कायदा मुलाला वर्गात बसवतो. पण त्याच शहरातला एखादा बिहारी किंवा तमिळ माणूस मोडकंतोडकं मराठी बोलायला लागला की आपण काय करतो? दुसऱ्याच वाक्याला हिंदीत शिरतो. आपल्याला तो सौजन्याचा भाग वाटतो. त्याला मात्र कळतं की आपलं मराठी चालण्याजोगं नाही. मराठी येत नाही म्हणून त्याला दोष द्यायलाही मग आपणच पुढे असतो.

अमेरिकेतल्या मराठी घरांत हेच आजी-आजोबांकडून होतं. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या पुढाकाराने तिथे मराठी शाळा चालतात, मुलं रविवारी जाऊन बाराखडी गिरवतात. सुट्टीत भारतात आल्यावर नात 'तो खुर्ची' म्हणते, सगळं घर कौतुकाने हसतं, आणि पुढचा आठवडाभर ती इंग्रजीतच उत्तरं देते. हसणाऱ्यांच्या मनात प्रेमच असतं. पण नऊ वर्षांच्या मुलीला कौतुकाचं हसणं आणि चेष्टेचं हसणं यांतला फरक कळत नाही. घरच्याच भाषेची अशी भीती आता अभ्यासाचा स्वतंत्र विषय झाली आहे.

मग करायचं काय? भीती नाहीशी करा, असं मी म्हणणार नाही. देवाल आणि मॅकिंटायर यांच्या 2014 च्या अभ्यासाने दाखवलं की भाषा शिकण्यातला आनंद आणि भीती ही एकाच तराजूची दोन पारडी नाहीत. एकाच मुलात दोन्ही भरपूर असू शकतात. म्हणून आनंद वाढवण्याचं काम भीती संपेपर्यंत थांबवायला नको. बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने विज्ञानाच्या वर्गांत मोजून पाहिलं होतं: शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात, तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. भाषेच्या वर्गात तर हे तीन सेकंद सोन्याचे. सगळ्या वर्गासमोर उभं करण्याआधी शेजारच्याशी बोलून पाहू द्यावं. बोलण्याच्या तासाला बोलण्याचं माप लावावं आणि शुद्धतेचं माप लेखी कामाला ठेवावं. दोन्ही एकाच वेळी मागितलं की पाटी भरते. चूक वाक्याच्या मध्येच पकडू नये. मुलाचं वाक्य पुरं झाल्यावर तेच शुद्ध करून आपल्या उत्तरात म्हणावं.

अतिपरिपूर्णतेच्या हौसेलाही लगाम हवा. टॅमी ग्रेगरसन आणि हॉर्विट्झ यांनी चिलीमधल्या भावी इंग्रजी शिक्षकांना त्यांच्याच संभाषणाची चित्रफीत दाखवली. घाबरणारे विद्यार्थी आपल्या चुका मोजत बसले आणि त्या वाढवून सांगू लागले. न घाबरणाऱ्यांना आपण बोललो याचंच समाधान होतं. हे विद्यार्थी पुढे शिक्षक होणार होते, हे ध्यानात घ्या. स्वतःची चूक सहन न होणारा शिक्षक दुसऱ्याची कशी सहन करील?

मराठीच्या भवितव्याची चर्चा आपण पाट्या, सक्ती आणि अनुदान यांभोवती करतो. तीही करू. पण भाषा वाढते ती तिच्यात नव्याने येणाऱ्यांमुळे, आणि नव्याने येणारा चुकतच येतो. त्याच्या चुकीचा भाव आपण उतरवला तर तो राहील, चढा ठेवला तर तो दुसरीकडे जाईल. तेव्हा पुढच्या वेळी कुणी अडखळत मराठी बोललं तर मराठीतच उत्तर द्या, थोडं सावकाश द्या, आणि त्याचं वाक्य त्यालाच पुरं करू द्या. एवढं करायला कुठला सरकारी आदेश लागत नाही आणि कुणाचा स्वभावही बदलावा लागत नाही.